आमचा वाघ्या

कुत्र्याविषयीं बोलावयास मला आकाशवाणीनें बोलाविलें आहे, हें ऐकून माझे एक जुने सहकारी शिक्षक मोठ्यानें हंसले. त्यांचें हंसणें अगदीं वाजवी होतें. वयाच्या पन्नाशीपर्यंत मी कुत्र्याला इतका भीत असें कीं, रस्त्यांत एखादें कुत्रें आडवें पडलेलें दिसलें तर मी पलीकडच्या गल्लीनें वळसा घालून शाळा गांठीत असें, आणि त्या वळशाचा उशीर होऊं नये म्हणून घरांतून दहा मिनिटें आधींच निघत असें. माझ्या वक्तशीरपणाचें शाळेंत जें कौतुक होई, त्याचें खरें श्रेय मुलुंडच्या मोकाट कुत्र्यांकडे जातें. मी कोणी प्राणिशास्त्रज्ञ नाहीं. मॅट्रिक होऊन व अध्यापनाचें शिक्षण घेऊन अडतीस वर्षें मुलें शिकविलेला मी एक साधा मास्तर आहें. चौदा वर्षें सात महिने एका गांवठी कुत्र्याच्या सहवासांत राहिलों, एवढाच काय तो ह्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार.

माझ्या भीतीला कारण होतें. १९६६ सालीं, मी आठ वर्षांचा असतां, मुलुंड स्टेशनाजवळच एका कुत्र्यानें माझ्या पोटरीचा लचका तोडला. त्या काळीं ह्यावर जो उपाय होता तो मूळ दुखण्याहून भयंकर वाटे. बेंबीच्या भोंवतीं रोज एक याप्रमाणें चौदा टोंचण्या! सेंपल नांवाच्या डॉक्टरानें कसौली येथें सिद्ध केलेली, मेंढीच्या मेंदूपासून करावयाची ती लस होती. २००५ सालापासून आपल्या देशांत ती देत नाहींत. आतां दंडांत चार-पांच टोंचण्यांनीं काम भागतें. परंतु मला आठवतो तो दवाखान्यांतील स्पिरिटचा वास, टेबलावरचें गार मेणकापड आणि वडिलांनीं घट्ट धरून ठेवलेले माझे दोन्हीं हात. पुढें पाश्चरचें चरित्र वर्गांत शिकवितांना, १८८५ सालच्या जुलैमध्यें ज्या नऊ वर्षांच्या मुलाला त्यानें पहिली लस टोंचली त्या जोसेफ मैस्टरचें नांव आलें कीं माझा हात नकळत पोटाकडे जाई. ओघानें आलेंच आहे तर एक गोष्ट सांगून ठेवतों. कुत्रें चावल्यास जखमेवर हळद, तिखट किंवा चुना भरूं नका. वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें जखम धुवा आणि तडक दवाखाना गांठा. हा रोग एकदां दिसूं लागला म्हणजे त्यावर बहुधा इलाज चालत नाहीं.

असा मी मनुष्य. २००९ सालच्या जुलै महिन्यांत एके दिवशीं सायंकाळीं शाळेंतून घरीं येऊन पाहतों तों चाळीच्या व्हरांड्यांत शेजाऱ्यापाजाऱ्यांची गर्दी. लालबहादूर शास्त्री मार्गावर, ज्याला आमच्या पिढीचे लोक अजून आग्रा रोडच म्हणतात, एक कुत्री ट्रकखालीं सांपडून मेली होती. तिचें एकुलतें उरलेलें पिलूं आमच्या कन्येनें ओढणींत गुंडाळून घरीं आणलें होतें. ती तेव्हां महाविद्यालयांत शिकत होती. पिलाचा रंग ओल्या भाताच्या पेंढ्यासारखा असून कपाळावर पांढरा ठिपका होता. पावसानें तें इतकें भिजलें होतें कीं, कुत्र्याचें पिलूं आहे कीं घूस, असा मला क्षणभर संशय आला. मीं उंबऱ्याबाहेर उभें राहूनच निकाल दिला, "एक रात्र. उद्यां सकाळीं दुसरी व्यवस्था."

त्या रात्रीं त्या पिलानें चाळींतील कोणालाच झोपूं दिलें नाहीं. खोक्यांत जुनें धोतर अंथरलें, पाणी घातलेलें दूध बशींत ठेवलें; पण त्याचें कुंईकुंई कांहीं थांबेना. शेवटीं आमच्या सौभाग्यवतीनें गजराचें घड्याळ फडक्यांत गुंडाळून त्याच्या कुशीला ठेवलें. तिच्या माहेरीं कोंकणांत असें करीत. त्या टिकटिकीला तें आईचें काळीज समजलें असावें, तें झोंपलें. दोनच्या सुमारास घड्याळाची चावी संपली आणि रडणें पुनः सुरू झालें. घरांतील सर्व मंडळी दमून निजलेलीं होतीं. मी उठलों. घड्याळाला चावी देण्यासाठीं खोक्यांत हात घालणें प्राप्त होतें. तेवढ्यांत त्या पिलानें आपली हनुवटी माझ्या मनगटावर टेकली व तें गप्प झालें. हात काढून घ्यावा तर रडणार. म्हणून मी भिंतीला टेकून तसाच बसून राहिलों. त्रेचाळीस वर्षांनंतर माझ्या अंगाला कुत्र्याचा स्पर्श होत होता. सकाळीं दुसरी व्यवस्था करण्याविषयीं कोणीं विचारलें नाहीं, व मींही तो विषय काढला नाहीं.

नांव ठेवलें आमच्या शेजारच्या आजीबाईंनीं. त्या जेजुरीकडच्या. खंडोबाच्या पायाशीं कुत्रा असतो, आणि खंडोबाला वाहिलेले भक्त स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवून घेतात, त्यांना वाघ्या म्हणतात, हें आपणांस ठाऊक आहेच. "खंडेरायाचा वाघ्या आलाय घरी," असें त्या म्हणाल्या आणि तेंच नांव कायम झालें. पुढें पुष्कळांनीं मला विचारलें कीं, हें नांव रायगडावरील वाघ्याचें काय? त्या वाघ्याविषयीं विद्वानांत मोठा वाद आहे व त्यांत मजसारख्यानें तोंड घालूं नये हें बरें.

खरी अडचण होती माझ्या आईची. तिचें वय तेव्हां ऐंशीच्या घरांत, सोंवळें कडक. दत्ताच्या तसबिरींतील चार कुत्र्यांना ती रोज हात जोडी. ते चार वेद आहेत असें तिनेंच मला लहानपणीं सांगितलें होतें. पण पांचव्यानें उंबरा ओलांडतां कामा नये असा तिचा दंडक. वाघ्याला तो दंडक आठ दिवसांत समजला. तो उंबऱ्यावर हनुवटी ठेवून, चारी पाय मात्र बाहेर, असा पडून राही. वैश्वदेवांत कुत्र्याचा भाग वेगळा काढण्याची चाल आमच्या घरीं आजोबांबरोबरच संपली होती; ती आईनें पुनः सुरू केली. रोज अकरा वाजतां ती भाकरीचा तुकडा आपल्या हातानें त्याच्यापुढें टाकी. एकदां त्यानें तिच्या हातांतील सगळी भाकरीच पळविली. मी रागावून धांवलों, तर आई म्हणाली, "अरे, नामदेव महाराज तूप घेऊन मागे धावले होते, तू छडी घेऊन कुठे निघालास?" त्यानंतर थोड्याच दिवसांत वाघ्या घरांत निजूं लागला.

छडीचा उल्लेख आला, तेव्हां आतां ती गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगावी कीं नाहीं याचा मीं बरेच दिवस विचार केला.

त्या वर्षीच्या सहामाही परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासण्यासाठीं मीं घरीं आणल्या होत्या. वाघ्या तेव्हां चार महिन्यांचा. ह्या वयांत कुत्र्यांचे दुधाचे दांत पडून नवे येऊं लागतात. हिरड्या शिवशिवतात व जें सांपडेल तें चावावेंसें वाटतें. हें मला पुढें कळलें. मी भाजी घेऊन परत येतों तों पांच उत्तरपत्रिकांच्या चिंध्या खोलीभर पसरलेल्या, आणि वाघ्या शेपूट हालवीत मला ते वैभव दाखवीत उभा. माझी सागवानी पट्टी खुंटीला होती. ती मीं वर्गांत वापरीत असें. आंखण्यासाठीं थोडी, इतर कामासाठीं अधिक. ती मीं उचलली आणि त्याला मारलें. एकदां नव्हे, तीनदां. पहिल्या तडाख्याला तो ओरडला. दुसऱ्याला ओरडलाही नाहीं. तिसऱ्यानंतर तो खाटेखालीं भिंतीपर्यंत सरकला आणि तेथें त्याचे फक्त डोळे दिसूं लागले.

मी चिंध्या जुळवीत बसलों. अर्ध्या तासानें गुडघ्याला कांहीं ओलसर लागलें. कान पाडून, पोट फरशीला घांसत तो बाहेर आला होता आणि ज्या हातानें मीं पट्टी धरली होती तोच हात चाटीत होता.

लोक ह्याला कुत्र्याची क्षमा म्हणतात, निष्ठा म्हणतात. मला त्या वेळीं तसें कांहींएक वाटलें नाहीं. मनांत आलें तें इतकेंच कीं, चार महिन्यांच्या ह्या जिवानें जावें तरी कोठें? आई रस्त्यावर मेली, बाहेर पाऊस, ओळखीचा हात हा एवढाच. तो हात मारतो हें खरें, पण दुसरा कोठें आहे? आणि लगोलग मला एक मुलगा आठवला. १९८३ सालीं तो माझ्या वर्गांत होता. वडील गिरणींत, आदल्या जानेवारींत सुरू झालेल्या संपानें घर बसलेलें. गणिताची वही आणली नाहीं म्हणून मीं त्याला लागोपाठ तीन दिवस ह्याच पट्टीनें मारलें. वहीला पैसे नव्हते. हें त्यानें सांगितलें नाहीं, व मीं विचारलें नाहीं. दर दिवशीं मार खाऊन दुसऱ्या दिवशीं तो पुनः येऊन पहिल्या बांकावर बसे, आणि मधल्या सुटींत माझ्यासाठीं पाण्याचा तांब्या भरून आणी. हा मुलगा मला मानतो, असें मी तेव्हां इतर मास्तरांना अभिमानानें सांगत असें.

महाभारताचा आरंभ पाहावा. जनमेजयाच्या भावांनीं यज्ञाच्या जागीं आलेल्या एका कुत्र्याच्या पिलाला मारलें. त्याची आई सरमा सभेंत येऊन विचारते कीं, माझ्या मुलानें हविर्भागाकडे पाहिलें नाहीं, त्याला जीभही लावली नाहीं, मग तुम्हीं त्याला कां मारलें? त्यांच्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि तिनें त्यांना शाप दिला. धर्मराजाबरोबर हिमालयांत गेलेल्या कुत्र्याची गोष्ट सर्वांना पाठ असते. पण तें महाकाव्य मार खाल्लेल्या पिलापासून सुरू होतें, ह्याकडे माझें अडतीस वर्षांच्या नोकरींत लक्ष गेलें नव्हतें. आमच्या वाघ्यानें तर उत्तरपत्रिकांना चांगलीच जीभ लावली होती. तरी सरमेनें विचारलें असतें तर माझ्यापाशींही उत्तर नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं मुख्याध्यापकांपुढें उभें राहून घडलें तें सांगावें लागलें. "धाकट्या भावानें वही फाडली" असें सांगणाऱ्या मुलांवर मीं जन्मांत कधीं विश्वास ठेवला नव्हता. माझ्यावर मुख्याध्यापकांनीं ठेवला. पांच मुलांची परीक्षा पुनः घेतली. दिवाळीच्या सुटीनंतर मीं पट्टी शाळेंत नेली नाहीं. पुढें १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्काचा कायदा अमलांत आला व त्याच्या सतराव्या कलमानें मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास बंदी झाली. मीं कायद्याच्या पांच-सहा महिने आधीं मारणें सोडलें म्हणून कोणी माझें कौतुक करूं नये. त्यापूर्वीं एकतीस वर्षें मीं मारलें आहे.

असो. त्यानंतरचीं सहा-सात वर्षें सुखाचीं गेलीं आणि सुखाविषयीं सांगण्यासारखें फारसें नसतें. वर्षाचा महापालिकेचा परवाना, वर्षाची एक टोंचणी. ती टोंचतांना मीच त्याला धरीत असें. त्याला एक, मला चौदा, हा हिशेब दरवर्षीं मनांत येई. डब्याच्या झांकणाचा आवाज, कन्येच्या चपलांचा आवाज व पोस्टमनचा आवाज तो दुरून निराळे ओळखी. फटाक्यांना मात्र भिई. दिवाळीचे तीन दिवस तो स्नानगृहांत काढी, आणि आमच्यापैकीं कोणीतरी पाट टाकून त्याच्याबरोबर.

त्याच्या शौर्याची एक गोष्ट सांगितली पाहिजे. मुलुंडचा पश्चिमेकडचा भाग डोंगराला लागून आहे आणि त्या डोंगरापलीकडे बोरिवलीपर्यंत संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरलें आहे. सुमारें १०४ चौरस किलोमीटरचें हें अरण्य. सभोंवतीं एवढें अफाट शहर आणि आंत बिबळे! शहराच्या पोटांत बिबळे बाळगणारें मुंबईसारखें दुसरें मोठें नगर जगांत सांपडणें कठीण. हे बिबळे रात्रीं वस्तीच्या कडेला येतात तें मुख्यतः कुत्र्यांसाठीं. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत त्यांच्या आहाराचा सुमारें चाळीस टक्के भाग कुत्र्यांचा असल्याचें म्हटलें आहे. जेथें उघडा कचरा तेथें कुत्रीं, आणि जेथें कुत्रीं तेथें बिबळ्या, असें हें गणित आहे.

तर २०१२ च्या थंडींत एके रात्रीं चाळीमागच्या सगळ्या कुत्र्यांचें भुंकणें एकदम थांबलें. भुंकण्यानें कोणी जागा होत नाहीं; त्या शांततेनें मी जागा झालों. आमचा वाघ्या खाटेखालीं, उत्तरपत्रिकांच्या दिवशीं जेथें गेला होता त्याच कोपऱ्यांत, अंग चोरून बसला होता. त्याच्या दांतांचा कडकड आवाज येत होता. नांव वाघ्या, आणि वाघाच्या मावसभावाच्या नुसत्या वासानें ही अवस्था! मी खालीं बसून त्याच्या पाठीवर हात ठेवला. माझा हातही स्थिर नव्हता. सकाळीं नळाजवळच्या चिखलांत पंजाचे ठसे होते आणि मागल्या गल्लींतील काळी कुत्री दिसेनाशी झाली होती. त्यानंतर सूर्यास्तानंतर वाघ्याला एकट्यास बाहेर सोडलें नाहीं. बिबळ्याचा मला राग आला नाहीं. डोंगर मूळचा त्याचाच आहे.

आई २०१४ सालीं गेली. पुढें कित्येक दिवस वाघ्या अकरा वाजतां उंबऱ्याशीं जाऊन बसे. सौभाग्यवती भाकरी टाकी. तो ती खाई, पण खाऊन झाल्यावर आंत डोकावून पाही.

२०१६ च्या मे महिन्यांत मी सेवानिवृत्त झालों. निवृत्तीच्या समारंभांत शाल, श्रीफळ व पुष्कळ विशेषणें मिळालीं. सुटी संपली तोंपर्यंत कांहीं जाणवलें नाहीं. जूनमध्यें ज्या दिवशीं शाळा उघडल्या त्या दिवशीं सकाळीं पावणेसातला वाघ्या दाराशीं उभा! इतकीं वर्षें तो मला कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत पोंचवून परत येत असे. मी उठत नाहीं असें पाहून त्यानें माझी पिशवी खुंटीवरून ओढली. आतां त्याला काय समजावून सांगावें? मी सदरा घातला, रिकामी पिशवी घेतली, आणि निघालों. पिंपळापाशीं आल्यावर तो नेहमींप्रमाणें बसला व मी पुढें जाण्याची वाट पाहूं लागला. मला जावयाचें कोठेंच नव्हतें. रस्त्यानें गणवेशांतलीं मुलें चाललीं होतीं. थोडा वेळ तसाच उभा राहून मी म्हणालों, "चल रे, आज तूही चल." कालिदास नाट्यमंदिराला वळसा घालून आम्ही तासाभरानें घरीं आलों. मग तोच आमचा परिपाठ झाला. निवृत्तीनंतर माझ्या बरोबरीचे कित्येक मास्तर वर्ष-दोन वर्षांत खचले. मी खचलों नाहीं, कारण पावणेसातची घंटा माझ्यापुरती चालूच राहिली होती.

पुढें चाळ पडली व तिच्या जागीं इमारत उभी राहिली. आम्ही सातव्या मजल्यावर गेलों. वाघ्याला उंबरा गेल्याचें दुःख झालें असावें; पण लिफ्टची विद्या त्यानें माझ्याआधीं आत्मसात केली. सोसायटींत कांहीं मंडळींनीं कुत्र्याला लिफ्टबंदी करावी असा ठराव आणला. मुंबईंत कुत्र्यांवरून भांडणें होणें नवें नाहीं; १८३२ सालच्या जूनमध्यें सरकारनें मोकाट कुत्रीं मारण्याचा हुकूम केला तेव्हां कुत्र्याला पवित्र मानणाऱ्या पारशी समाजानें कोटांत मोठा दंगा केला होता. कायदा माझ्या बाजूस होता. भारतीय पशुकल्याण मंडळानें २०१५ सालींच स्पष्ट केलें होतें कीं, सोसायट्यांना पाळीव कुत्र्यांवर अशी बंदी घालतां येत नाहीं. तें पत्रक खिशांत घालून मी सभेला गेलों. पण बाहेर काढलें नाहीं. कारण ठराव आणणाऱ्यांच्या मागें एक सात-आठ वर्षांची मुलगी आईचा पदर धरून उभी होती, आणि ती वाघ्याकडे जशी पाहत होती तशी नजर मला चांगली ओळखीची होती. मी म्हणालों, "लिफ्टमध्यें कोणी भिणारें असेल तर आम्ही थांबूं." तेवढ्यावर भागलें. ती मुलगी दिसली कीं आम्ही लिफ्ट सोडून देत असूं. कधीं पंधरा मिनिटें खोळंबत असूं. वर्षभरानें एके दिवशीं तिनें आंतून दार धरून ठेवलें व म्हणाली, "आजोबा, तो भिंतीकडे तोंड करून उभा राहील का?" वाघ्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सात मजले कोणीच बोललें नाहीं.

२०२० च्या टाळेबंदीविषयीं थोडक्यांत सांगतों. मार्चच्या पंचविसाव्या तारखेपासून सारें शहर दारें लावून बसलें. हॉटेलें बंद, तेव्हां गल्लींतील कुत्रीं उपाशी. आम्ही चार-पांच घरांनीं मिळून रोज एक पातेलें भात शिजवून खालीं ठेवला. लिफ्टमधली मुलगी गॅलरींतून कुत्रीं मोजी व संख्या मला ओरडून सांगे.

तोंपर्यंत वाघ्याचें तोंड पांढरें झालें होतें. कुत्र्याचें एक वर्ष म्हणजे माणसाचीं सात असें म्हणतात. हा हिशेब चुकीचा आहे. पहिल्या वर्षांत कुत्रें जवळजवळ तारुण्यांत येतें, मग त्याचें वय संथ चालतें, आणि शेवटीं आपण पाहत असतां एकाएकीं पुढें निघून जातें. आम्ही दोघे काहीं काळ एका वयाचे होतों. जिना चढतांना दोघेही मधल्या वळणावर थांबत असूं. मग तो माझ्याहून म्हातारा झाला. डोळ्यांवर निळसर सारा आला, ऐकूं येईनासें झालें. हांक मारली तरी तो भलत्याच दिशेला तोंड करून उभा राही व आपण एकटेच आहों असें वाटून कण्हूं लागे.

एके दिवशीं माळ्यावरचें सामान लावतांना ती जुनी सागवानी पट्टी माझ्या हातांतून निसटून फरशीवर पडली. आवाज वाघ्याला येणें शक्य नव्हतें. पण फरशीचा कंप त्याच्या पायांना कळला. त्यानें मान वळविली आणि चांचपडत सरळ माझ्याकडे आला. तेव्हांपासून मीं ती पट्टी जवळ बाळगली. दोनदां ठोकली कीं मी कोठें आहें तें त्याला कळे. तो येई, पट्टी हुंगे, मग माझा हात हुंगे आणि पायाशीं बसे. ह्या पट्टीनें आपल्याला कधीं मारलें होतें ह्याची त्याला आठवण होती कीं नाहीं, हें सांगतां येत नाहीं. मला होती.

२०२३ च्या दिवाळीनंतर त्याचें अन्न तुटलें. परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयांत आम्ही त्याला टॅक्सीनें नेलें. १८७४ सालीं स्थापन झालेल्या प्राणिरक्षक संस्थेचें हें जुनें ठिकाण. शेजारींच १८८६ पासूनचें पशुवैद्यक महाविद्यालय. आवारांत घोडे, बैल, मांजरें, माणसांच्या दवाखान्यांत असते तशीच गर्दी आणि तशीच बांकांवरची शांतता. तपासणींत दोन्हीं मूत्रपिंडें निकामी होत चालल्याचें निघालें. सलाईन, पथ्याचा भात, औषधें; दोन महिने त्यानें काढले. फेब्रुवारींत त्याला उभें राहतां येईना. आमच्या मुलुंडच्या पशुवैद्यांनीं घरीं येऊन त्याला पाहिलें व मला बाजूस घेऊन सांगितलें, "मास्तर, ह्यापुढें त्याला फक्त त्रास आहे. तुम्ही म्हणाल तेव्हां मी येईन."

श्रोतेहो, मीं आठ दिवस कांहीं म्हटलें नाहीं. सौभाग्यवतीला सांगितलें कीं, तो आपण होऊन जाईल. देवानें दिलेला जीव, आपण कोण? ह्या साऱ्या गोष्टी मी बोललों. खरें कारण तें नव्हतें. सकाळचे पावणेसात वाजल्यावर मी काय करणार, हें मला ठाऊक नव्हतें. त्या आठ दिवसांत त्याला झटके आले, जिभेवर व्रण पडले, पाणीही उलटूं लागलें. आठव्या रात्रीं मीं सवयीनें पट्टी ठोकली. त्यानें येण्याचा प्रयत्न केला. मागचे पाय निर्जीव, पुढच्या दोन पायांनीं फरशीवर अंग ओढीत तो अर्ध्या वाटेपर्यंत आला आणि थांबला. बाकीची वाट मी गेलों. सकाळीं डॉक्टरांना बोलाविलें. त्याचें डोकें माझ्या मनगटावर होतें, पहिल्या रात्रीं होतें तसेंच. टोंचणी एकच होती.

त्या पांच उत्तरपत्रिकांपायीं मीं त्याला तीन पट्ट्या मारल्या. त्याची बोंच मला आहेच. पण ते आठ दिवस मला त्याहून जड वाटतात. तें मारणें रागाच्या भरांतलें होतें. हें मीं समजून उमजून केलें, आणि वर त्याला माया म्हटलें.

मुंबईंत कुत्र्याला मूठभर माती मिळणें पूर्वीं कठीण होतें. मालाडला महापालिकेनें २०२३ सालीं लहान प्राण्यांसाठीं गॅसची दाहिनी सुरू केली आहे. तेथें त्याला नेलें. कर्नाटकांत आतकूर येथें राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण ह्याच्या काळचा, दहाव्या शतकांतला एक शिलालेख मिळाला आहे. रानडुकराशीं झुंजून मेलेल्या काळी नांवाच्या एका शिकारी कुत्र्याची आठवण त्यांत कोरून ठेवली आहे. आमच्या वाघ्यानें कोणाशींच झुंज दिली नाहीं. त्याच्या गळ्यांतला पट्टा दत्ताच्या तसबिरीखालच्या खिळ्याला आहे. आई असती तर तिनें तो तेथें राहूं दिला असता असें मला वाटतें.

गेल्या महिन्यांत आमच्या इमारतीच्या मागें, पंपाच्या खोलीशेजारीं, एका तांबूस कुत्रीला चार पिलें झालीं. लिफ्टमधली मुलगी आतां मोठी झाली आहे; ती रोज त्यांना पोळी नेते व त्यांतलें एक पिलूं आईकडे नीट पोंचत नाहीं, अशी बातमी तिनें परवां आणली. मीं सौभाग्यवतीला स्पष्ट बजाविलें आहे कीं, माझें वय सदुसष्ट; कुत्रें पंधरा वर्षें जगतें; हा हिशेब कोणत्याही मॅट्रिक झालेल्या मनुष्याला करतां येतो, तेव्हां हा विषय घरांत नको. ती कांहीं बोलली नाहीं. काल रात्रीं मात्र तिनें सहज विचारल्यासारखें विचारलें, "अहो, तें चावीचें जुनें घड्याळ कुठे असेल हो?"

मला ठाऊक नाहीं, असें मीं सांगितलें. तें माझ्या कपाटांत आहे. चालतें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं आज सकाळीं मीं त्याला चावी देऊन पाहिली.